पाच पायांची म्हैस

महाड, रविवार

तीर्थरूप विनोदिनीताईस,

यज्ञेश्वराचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांमुळे तो मनातल्या मनात घातला आहे, तूही तसाच स्वीकार.) तुझा खोकला गेला का? भाऊजी पथ्य पाळतात, की पाळतो असं सांगतात?

तुझा निरोप पोचला. चित्रकलेच्या वर्गाला जायला लागल्यापासून तुला स्वतःच्या जुन्या चित्रांतल्या चुका दिसू लागल्या आणि आमच्याकडच्या चित्रातल्या म्हशीला पाच पाय आहेत हे आठवून तुझी झोप उडाली, असं कळलं. उद्या तुझा लेक निषाद पोलादपूरहून येऊन चित्र नेणार आणि तू तो पाचवा पाय पुसणार. चित्र तुझं, म्हैसही तुझीच, मी काय बोलणार? म्हणून आजचा दिवस कुठेही न जाता त्या चित्रासमोर बसून काढायचा, असं मी ठरवलं. आमचं मागचं अंगण, फणसाखाली उठायच्या बेतातली म्हैस आणि पायरीवर तांदूळ निवडत बसलेली, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातली ललिता. इतकी वर्षं येता-जाता पाहिलं, पण बसून कधी पाहिलं नव्हतं.

चित्र खाली काढलं तर मागे पालींचं बिऱ्हाड. त्यातली एक माझ्या बाहीत शिरली. दोन्ही हातांत चित्र, त्यामुळे बाही झटकता येईना, नुसताच जागच्या जागी नाचत राहिलो. ललिता धावत आली, तिने आधी चित्र सोडवून घेतलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. (घरातला मानाचा क्रम यावरून समजावा.) मग उजेडासाठी चित्र ओटीवर खुर्चीत बसवलं, समोर मी. ऊन सरकलं की आम्ही दोघं सरकायचो. असं करत करत जेवणाच्या सुमारास आम्ही मागच्या अंगणातच पोचलो, म्हणजे अंगणाचं चित्र अंगणात.

एमआयडीसीतली पाळी संपवून आलेल्या शेजारच्या भिकाजीने कुंपणावरून डोकावून, घराला रंग काढताय का, असं विचारलं. मी चित्र दाखवलं. त्याने बोटांनी मोजलं, पुन्हा मोजलं.

"मास्तर, म्हशीला पाय पाच हायत."

मी म्हटलं, आहेत खरे. उद्या एक कमी होणार.

"कशाला? आमची पन उठताना अशीच दिसते. कुठला पाय कुठं, काय समजत नाय," असं म्हणून तो हसत झोपायला गेला.

ललिताने ताटंही तिथेच आणली. खिचडी, पोह्याचा पापड, कैरीचं लोणचं. जेवताना ती चित्राकडे बघत राहिली आणि म्हणाली, "वन्संनी त्या दिवशी बजावलं होतं, अजिबात हलायचं नाही. मी नाही हलले. म्हैस हलली." यावर आम्ही इतके हसलो की मला ठसका लागला. मग जरा वेळाने ती म्हणाली, "नवीन होते मी तेव्हा. या घरात मला तसं निरखून पहिल्यांदा त्यांनीच पाहिलं." (मीसुद्धा पाहत होतो, असं मी म्हणालो. तिने पापड मोडला.)

दुपार तशीच गेली. फोन वाजला नाही, कुणी आलं नाही. फणसाची पानं पडत होती आणि मी चित्र बघत होतो. ताई, असा रविवार मला फार दिवसांत मिळाला नव्हता.

तुझा,
यज्ञेश्वर

ता. क. उद्या निषादच्या हाती चित्र नाही, हे पत्रच देतो. तूच ये, राहायला ये. रंग मात्र पोलादपूरलाच ठेव. म्हैस उठतेय, तिला उठू दे.

ता. क. दुसरा, ललिताच्या हातचा: वन्सं, हे दुपारभर चित्र बघत नव्हते, खुर्चीत घोरत होते. तुम्ही रंग घेऊनच या. म्हशीला हात लावायचा नाही. पायरीवर माझ्या शेजारी जागा रिकामी आहे, तिथे यांना बसवा. जागे असलेले दाखवा, आणि निवडायला हातात तांदूळ द्या.