मेंढ्यांच्या यादीतली शेळी

सेनगाव, बुधवार, १४ नोव्हेंबर २००७. दिवेलागण.

शेळ्या-मेंढ्यांच्या लसीकरणाच्या माझ्या प्रोग्रॅममध्ये एका मेथडचा, म्हणजे एकच काम करणाऱ्या तुकड्याचा, मला फार तोरा होता. तिला कितीही याद्या द्या, दोन द्या नाहीतर दहा, ती जनावरागणिक लसीच्या चिठ्ठ्या छापते. लिहिताना जावाने, म्हणजे प्रोग्रॅमच्या भाषेने, धोक्याची पिवळी खूण दाखवली होती: याद्या एका अ‍ॅरेत, म्हणजे एका रांगेतल्या कप्प्यांत, भरल्या की मेंढ्यांची कोणती न् शेळ्यांची कोणती, हे चालू प्रोग्रॅमला कळत नाही, जपून. मी एक ओळ टाकून खूण दडपली. काहून? घाई. खरं म्हणजे ती मला समजलीच नव्हती.

आज मेंढपाळ धोंडीमामांना शेजारी बसवून त्यांच्या कळपाची नोंद केली. मेंढरांपुढे चालायला एक शेळी असतेच, तिची यादी वेगळी. लहान यादी आधी छापावी म्हणून मेथड आतल्या आत जागा बदलते. शेळीची यादी मेंढ्यांच्या जागी जाऊन बसली. तेव्हा प्रोग्रॅमचा एक शब्द नाही! पार शेवटी, चिठ्ठी छापताना, मेंढी म्हणून उचलली ती शेळी निघाली न् तो कोसळला. मी तपासलं होतं ते नुसत्या मेंढ्यांवर.

उद्या सकाळी डोंगरकड्याला शिबिर. सगळ्या स्क्रीन याच मेथडवर उभ्या. काढावी तर सगळं पडतं, ठेवावी तर पुन्हा कुठे फुटेल? आणि जनावरांच्या डॉक्टरांना मी सांगून बसलोय, चुकणार नाही म्हणून.

मामा म्हणाले, "मशीनला आधी कळलं न्हाई व्हय?"

मी ती दडपणारी ओळ उघडून बघितली. कळलं होतं मामा. पिवळी खूण ओरडून राहिली होती. तिला मुसकं मीच बांधलं.