भिंतीवरच्या मजल्याची घरपट्टी

प्रति,
मा. करनिर्धारण अधिकारी,
मालमत्ता कर विभाग,
नगरपालिका कार्यालय, दुसरा मजला
(हा मजला खरा आहे. मी चार वेळा चढून आले आहे.)

विषय : घर क्र. १७ वरील, अस्तित्वात नसलेल्या वरच्या मजल्याची करआकारणी रद्द करण्याबाबत. तसेच सदर मजल्यावर चुना फासण्यास अर्जदाराचा नकार असल्याबाबत.

संदर्भ : १) आपल्या विभागाची मागणी नोटीस. २) माझे यापूर्वीचे तीन अर्ज. त्यांची पोच आहे, उत्तर नाही.

महोदय,

१. मी घर क्र. १७ ची मालकीण असून शिवणकाम करते. लोकांचे सैल झालेले, आखूड पडलेले कपडे उसवून बेतात बसवून देते. माझे पती चाळीस वर्षे नाटकांचे पडदे रंगवत होते, त्यामुळे गल्लीत त्यांना सगळे 'पडदेवाले' म्हणतात. आमचे घर म्हणजे दोन खोल्या, एक मोरी आणि वर सपाट छप्पर. त्याउपर आमच्या मालकीचे जे आहे ते आभाळ, आणि त्यावर अद्याप आकारणी झालेली नाही.

२. आमच्या घराच्या पाठीला पाठ लावून दोरखंडाचे गोदाम आहे. गोदामाची कोरी भिंत आमच्या छपराच्या वर आणखी बारा फूट चढते. माझ्या सासूबाईंना वर एक खोली असावी असे फार वाटे. भाजी निवडताना त्या स्वतःशीच जुळवून म्हणत,

माझ्या गं घराला वर एक माडी व्हावी,
खिडकीत बसताना सांज हाताला लागावी.

खोली बांधणे आमच्या ऐपतीत नव्हते. तेव्हा पतींनी गोदामवाल्यांना विचारले. ते म्हणाले, "रंगवा हवं ते, मला आतून कुठं दिसतंय!" पती छपरावर शिडी लावून रोज सकाळी कामावर जाण्याआधी रंगवत आणि सासूबाई खाली गल्लीत खुर्ची टाकून हुकूम सोडत. कठडा अजून बुटका कर, कुंड्या तीनच ठेव, खिडकीला पडदा नको. सव्वादोन महिन्यांत मजला तयार झाला. तीन खिडक्या, कठड्याची गॅलरी, एक बंद दार, आणि मधल्या खिडकीत केस विंचरत बसलेल्या सासूबाई. हा सारा रंग आहे, महोदय. एकही वीट नाही.

३. गेल्या वर्षी आपले पाहणी निरीक्षक सकाळी साडेनऊला आले, समोरच्या फुटपाथवरून फोटो काढून गेले. त्यानंतर आलेल्या नोटिशीत 'वरचा मजला, चारशे दहा चौरस फूट, वापर : भाडेकरू' अशी नोंद आहे. भाडेकरू कोण, हे मी आपल्या कार्यालयाच्या खिडकीवर विचारले, तेव्हा मला पाहणी अहवाल दाखवण्यात आला. त्यात लिहिले आहे : 'मधल्या खिडकीत वृद्ध स्त्री. खालून तीन वेळा हाक मारली असता उत्तर दिले नाही.' सासूबाई जिवंतपणीही अनोळखी माणसाला उत्तर देत नसत, तेवढे अहवालात बरोबर आहे. त्यांना जाऊन सहा वर्षे झाली. मृत्यूचा दाखला आपल्याच इमारतीच्या तळमजल्यावरून मिळालेला आहे.

४. याच अहवालात पुढे 'जिना : आढळला नाही. लपविला असण्याची शक्यता' असे नमूद आहे. मी दोन्ही खोल्यांतली कपाटे सरकवून दाखवायला तयार होते. कोणी आले नाही.

५. सुनावणीत मला सांगण्यात आले की हे चित्र आहे, याचा नोंदणीकृत अभियंत्याकडून दाखला आणावा. मी अभियंता आणला. शिडीवर चढणे आपल्या कामात बसत नाही, असे सांगून त्यांनी खालूनच पाहिले आणि दाखल्यात लिहिले की वरच्या मजल्यावर प्रवेश मिळू शकला नाही. हा दाखला आपल्या कार्यालयाने माझ्याविरुद्धचा पुरावा म्हणून फाईलला लावला आहे. त्याची फी मात्र मी दिलेली आहे.

६. यानंतर आपल्याकडील एका सज्जन कारकुनांनी मला बाजूला घेतले. "ताई, कशाला डोकं पिकवता? चुना फासा, कोऱ्या भिंतीचा फोटो आणा, मोकळ्या व्हा." त्यांचा हेतू चांगला होता. परंतु शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी मान वर न करताच सुनावले, की नोंदलेला मजला परवानगीशिवाय नाहीसा केल्यास विनापरवाना पाडकामाचा दंड बसेल. म्हणजे ठेवला तर कर, पुसला तर दंड.

७. हे मी घरी येऊन रागाच्या भरात बोलले. बोलायला नको होते. माझे पती आता बहात्तर वर्षांचे आहेत आणि त्यांचा उजवा हात कापतो. चहाची बशी धरवत नाही. दुसऱ्या दिवशी मी एका गिऱ्हाइकाचे कपडे पोचवून परत आले, तर ते छपरावर उभे. बादलीत चुना कालवलेला, हातात नवा ब्रश. मला म्हणाले, "तुझी पायपीट बघवत नाही गं. आणि दंड काय, एकदाच भरायचा." किती वेळ उभे होते कोण जाणे. बादलीतला चुना खाली बसला होता आणि ब्रश कोरडा होता. मी तो त्यांच्या हातातून काढून घेतला.

८. महोदय, सासूबाईंचा एकही फोटो नाही. कॅमेरा दिसला की त्या तोंड फिरवत. त्यांचा चेहरा जगात एकाच ठिकाणी आहे आणि तो पुन्हा काढणारा हात आता राहिलेला नाही. पती रोज संध्याकाळी त्याच खुर्चीत, त्याच जागी, गल्लीत बसून वर बघतात. आपल्या नोटिशीप्रमाणे महिनाअखेरपर्यंत कर न भरल्यास घरावर जप्तीचा कागद लागेल. जप्तीत काय काय नेणार, हे मला खरोखरच समजलेले नाही.

९. एक पुरावा मात्र मी आता शोधून काढला आहे. तो आजवर कोणी मागितला नाही, कारण सगळे सकाळीच आले. पतींनी मजला सकाळी रंगवला, म्हणून कठड्याच्या, कुंड्यांच्या, सासूबाईंच्या हाताच्या सावल्या डावीकडे पडलेल्या आहेत. सकाळी साडेनऊला गल्लीतल्या सगळ्याच सावल्या डावीकडे पडतात. आपण कृपया संध्याकाळी पाच वाजता यावे. तेव्हा विजेच्या खांबाची सावली उजवीकडे जाते, आमच्या छपरावरच्या टाकीची उजवीकडे जाते, आपली स्वतःचीही उजवीकडे जाईल. एकट्या वरच्या मजल्यावर सकाळ असेल.

१०. सबब विनंती की :
(अ) आपण स्वतः संध्याकाळी पाहणी करून वरच्या मजल्याची नोंद रद्द करावी.
(ब) चित्र न पुसता नोंद रद्द होते, असे लेखी द्यावे. तोंडी नको. तोंडी मी खूप ऐकले.
(क) एवढे करूनही मजला आहे असेच आपले मत राहिले, तर आपल्या नकाशात वर जाणारा जिना कुठे दाखवला आहे, त्याची प्रत मिळावी. मी त्या मजल्याचा कर कपडे शिवून, हप्त्याहप्त्याने भरेन, पुन्हा अर्ज करणार नाही. माझ्या नवऱ्याला एकदा वर जायचे आहे.

आपली नम्र, आणि जिने चढून दमलेली,
(सही)
मालकीण, घर क्र. १७
दिनांक : ९ मार्च

सोबत :
१) मागणी नोटिशीची प्रत.
२) भिंत त्यांच्या मालकीची असल्याबद्दल गोदामवाल्यांचे पत्र.
३) मृत्यूचा दाखला.
४) फोटो दोन, सकाळचा व संध्याकाळचा.
५) चुन्याचा ब्रश एक, न वापरलेला. घरात ठेवायची भीती वाटते, म्हणून कार्यालयात जमा करीत आहे. पोच मिळावी.