पहिला शब्द

शुक्र., ३ ऑक्टो., जुबैल, सौदी

तालमीचा मुहूर्त झाला एकदाचा. आमच्याच हॉलमध्ये, सोफे भिंतीला सारून. नारळ अरुणने मागच्या नळाशी हळूच फोडला. मंडळाचं दिवाळीनंतरचं नाटक यंदा माझं. लेखन मी, दिग्दर्शन मी, प्रॉम्प्टर मी, चहाही मीच.

विषय डेन्मार्कचा वेडा राजा. अरुण कंपनीच्या ट्रेनिंगला तिकडे गेला होता, तेव्हा चीजबरोबर ही गोष्ट घेऊन आला. कमिटीला धाकधूक. राजाबिजा कशाला, आपण राहतो कुठे! म्हटलं, अहो, जुन्या काळचा गोरा राजा, थंडीने गारठलेला. 'परीकथा' म्हणून छापा आणि मोकळे व्हा.

राजा अर्थात अरुण. मिसरूड फुटायच्या वयात गादीवर, शब्द म्हणजे कायदा, आणि डोकं ठिकाणावर नाही. दरबारी मुजऱ्याला वाकले की त्यांच्या पाठीवरून उड्या मारतो. कुत्र्याला सल्लागार नेमतो. का म्हणून विचारलं की एकच उत्तर, "मी म्हणतो म्हणून!" अरुणने ते असं फेकलं की हसून पुरेवाट.

राजाचा डॉक्टर नितीन. प्लांटमध्ये अरुणच्या हाताखाली, नाटकातही तेच. राजाच्या नावाने हळूहळू डॉक्टरच राज्य हाकतो, आणि शेवटी मुंडकं उडतं तेही डॉक्टरचंच. नितीन म्हणाला, "वहिनी, मी प्रमोशन मागत होतो, तुम्ही हे काय देताय!"

अरुण दोनदा अडकला. पहिला शब्द दिला की गाडी सुरू. वय झालं आता हीरोचं.

बुध., ८ ऑक्टो.

अरुण आज आमच्या जुन्या व्हिलाच्या दाराला किल्ली लावत होता. तिथला फिलिपिनो शेजारी घरापर्यंत सोडायला आला. "सर व्हेरी टायर्ड," म्हणाला. ते घर सोडलं तेव्हा आमची मुक्ता पाचवीत होती. आता ती पुण्यात इंजिनिअरिंगला.

अरुण म्हणे, "शटडाउन आहे गं, डोक्याचा भुगा झालाय." आहेच तसं. प्लांट दुरुस्तीला बंद, आणि परत सुरू करायची, म्हणजे स्टार्टअपची, जबाबदारी ह्याच्यावर. हसलो दोघं. मी जरा जास्तच.

शुक्र., १० ऑक्टो.

तिसरा प्रवेश. राजा स्वतःच्या हातांकडे बघतो आणि विचारतो, हे कुणाचे? अरुणने विचारलं आणि थांबला. थांबलाच. मग टाळ्या! पल्लवी, नितीनची बायको, आमची राणी, डोळे पुसत म्हणाली, "काय पॉज घेतला साहेबांनी!"

कप्पाळ पॉज. कॉलेजपासून मी विंगेत आणि तो स्टेजवर. पॉज घेतो तेव्हा त्याचा डावा अंगठा हलतो, आतल्या आत मात्रा मोजत असतो. आज काही हललं नाही. माझ्याकडे बघत होता, आणि मी कोण ते त्याला

पुढचं लिहवत नाही.

सोम., १३ ऑक्टो.

विषय काढला. डॉक्टरकडे जाऊ म्हटलं. भडकला. "रिपोर्ट ऑफिसला गेला की खलास! अनफिट, इकामा रद्द, राहायचा परवानाच गेला! फायनल एक्झिट, कायमचं परत. मुक्ताचं शिक्षण व्हायचंय अजून."

"अरुण, अमोनिया आहे तिथे. माणसं आहेत."

"मला सांगतेस?"

मग जेवता जेवता रडला. आमटी तशीच. मी त्याला आई गेली तेव्हासुद्धा रडताना पाहिलं नव्हतं. म्हणाला, "एवढा स्टार्टअप होऊ दे. मग तू म्हणशील त्या डॉक्टरकडे. तोवर सांभाळ. प्रॉम्प्टर आहेस ना? दे की पहिला शब्द."

आणि मी हो म्हटलं. नवरा आहे माझा, काय करू.

शनि., १८ ऑक्टो.

स्टार्टअपची पाठांतरं. लॅपटॉपवर पानंच्या पानं, ह्याच्यानंतर ते उघडायचं, त्याच्यानंतर हे बंद. मला ओ का ठो कळत नाही. प्रत्येक पायरीचा पहिला शब्द मी द्यायचा, पुढचं तो म्हणायचा. सगळं धडाधडा म्हटलं! एवढा आनंद झाला की शिराच केला. वाटलं, बायको म्हणून उगाच घाबरतो आपण.

रात्री भांडी विसळताना मनात आलं, तिथे कंट्रोल रूममध्ये शब्द कोण देणार?

मंगळ., २१ ऑक्टो. लक्ष्मीपूजन

नितीन-पल्लवी फराळाला. पणत्या खिडकीच्या आतल्या बाजूला. अरुण आत मुक्ताशी फोनवर बोलत होता, तेवढ्यात नितीन चकली मोडत म्हणाला, "वहिनी, साहेब हल्ली मला म्हणतात, तूच ठरव, मी सही करतो. एवढा विश्वास! नाटकातला डॉक्टर खराच झालो की मी."

चेहरा नुसता फुललेला पोराचा. बोलायची वेळ होती. म्हटलं, "अजून एक घे ना चकली."

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. पण मुठीत काय आहे ते पाहिलंय का कुणी? उद्या काही झालं तर कागदावर सही साहेबांची आणि बोट दाखवणार नितीनकडे. मीच लिहिलंय हे, पाचव्या प्रवेशात.

शुक्र., ३१ ऑक्टो.

शेवटचा प्रवेश. राजा म्हातारा झालाय. राज्य बाकीचे करतात, तो पुढे येईल त्याच्यावर सही करतो. तरी नाव त्याचंच चालतं. राजा बोले दळ हाले, मग बोलवता धनी कुणी का असेना.

डॉक्टरचं भूत समोर येतं. नितीन आला. अरुणने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि शांतपणे विचारलं, "हा कोण?"

संहितेत नाही हे. सगळे खूश, "ठेवा हे, ठेवा!" नितीनही.

रवि., २ नोव्हें.

ठरवलं, सांगायचंच. गेले नितीनकडे. पल्लवी डॉक्टरचा कोट शिवत बसलेली, तोंडात टाचण्या. नितीनने खुर्ची दिली. म्हणाला, "साहेबांनी आपल्या स्पॉन्सरशी, कफीलशी बोलून मला इथे टिकवलं वहिनी, नाहीतर कधीच परत गेलो असतो. स्टार्टअपला ते असले की आम्ही डोळे मिटून काम करतो."

म्हटलं, "डोळे मिटू नकोस रे."

"म्हणजे?"

"म्हणजे... दमलेत ते. लक्ष ठेव."

"त्याची काळजीच सोडा!"

एवढंच. चार वाक्यं पुरली असती. अख्खं नाटक लिहिणारी बाई मी, चार वाक्यं जमली नाहीत. परतताना स्वतःचा इतका राग आला की गाडी कडेला घेऊन रडले.

बुध., ५ नोव्हें.

उद्या स्टार्टअप, परवा प्रयोग. अरुण एकदम छान आहे. दाढी केली, बूट पुसले, माझ्या वेणीला हात लावून म्हणाला, "सुमा, जमेल गं." तो असा छान असला की मला जास्त भीती वाटते.

पायऱ्या म्हणून घेतल्या. सातवीला अडला. शब्द दिला. तरी अडलेलाच. पूर्ण ओळ वाचून दाखवली, तेव्हा मान हलवली, परक्याचं ऐकावं तशी.

सकाळी उठल्या उठल्या नितीनला फोन करायचा. अरुण काय म्हणायचं ते म्हणो. शपथ.

गुरु., ६ नोव्हें.

लिहितेय कारण दुसरं काय करू ते सुचत नाही.

जाग आली तेव्हा अरुण गेलेला. नितीनला लावला, बंद. आत गेले की मोबाइल बाहेर ठेवतात. मग फोन आला, कंट्रोल रूमच्या लँडलाइनवरून.

"सुमा." मागे अलार्म ओरडतोय. माणसं ओरडताहेत.

"अरुण! काय झालं?"

"सगळे माझ्याकडे बघताहेत. पहिला शब्द दे."

"कुठल्या पायरीवर आहेस? नितीनला फोन दे. अरुण, नितीनला दे!"

"नितीन कोण?"

मागून नितीनचाच आवाज, "सर, बोला! चालू ठेवू का थांबवू? सर!"

लॅपटॉप उघडायला वेळ नव्हता. उघडून तरी काय कळणार होतं! तोंडात आलं ते बोलले, "थांबवा."

मग अरुणचा आवाज, खणखणीत, शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा, "थांबवा!"

नितीन म्हणाला, "सर, आत्ता थांबवलं तर—"

"मी म्हणतो म्हणून!"

फोन कट.

थांबवायचं होतं का तेव्हा? का थांबवायचंच नव्हतं? मला काय कळतं अमोनियातलं! मी शब्द दिला, त्याने उचलला, आणि तिथे त्याचा शब्द म्हणजे हुकूम. परत परत लावतेय, कोणी उचलत नाही. स्वैपाकघराच्या खिडकीतून प्लांटच्या चिमणीवर कायम जळणारी ज्वाळा दिसते. एवढी मोठी मी कधी पाहिली नाही. मोठी म्हणजे चांगलं का वाईट, हे इतक्या वर्षांत अरुणला एकदाही विचारलं नाही.

दारावरची बेल वाजतेय. पल्लवी असणार. डॉक्टरचा कोट शिवून झाला, सकाळी आणून देते म्हणाली होती.

तिसऱ्यांदा वाजली. उघडायला हवं.