पाहणीसाठी सजवलेला रस्ता

बसवणवाडी, ता. अक्कलकोट
शनिवार, भर दुपार

आदरणीय राजशेखरअण्णा,

तुमच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचे, म्हणजे चनमल्लप्पाचे, शरणु शरणार्थी. वहिनींचा खोकला, तुमचा रक्तदाब आणि तुमचा ट्रॅक्टर हे सगळं ठीक असावं. (खरं तर ट्रॅक्टरची चौकशी आधी करणार होतो, पण तुमची पत्रं वहिनी फोडतात.) तुमचं अक्कलकोट काय ते लांब, फोन करायचा की, असं तुम्ही म्हणणार. पण मी जन्मभर दुसऱ्यांची पत्रं वाटली, आता निवृत्तीत स्वतःची लिहितो. शिवाय फोन तुम्ही मध्येच ठेवून देता. पत्राला ती सोय नाही.

तुमची दाक्षायणी बरी आहे. म्हणजे बसून बरी आहे. अडीच वर्षांपूर्वी ती चावडीपुढच्या खड्ड्यात पडली, गुडघ्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं, हे तुम्हाला ठाऊकच आहे. पण चालायचं कुठं? आमच्या दारापासून शाळेपर्यंतच्या रस्त्यावर मधोमध गटार वाहतं, उरलेल्या जागेत दगड वर आलेत, आणि दगड नाहीत तिथं कुणाची तरी म्हैस उभी असते. तेव्हापासून तिने उंबरा ओलांडलेला नाही. डॉक्टर म्हणाले, असंच बसून राहिल्या तर गुडघा कायमचा आखडेल. ती कधी तक्रार करत नाही अण्णा, आणि मला त्याचीच भीती वाटते.

ऑपरेशननंतर सोलापुरात आठ दिवस राहिलो होतो, तेव्हा दवाखान्याबाहेर एक पदपथ होता. साधाच, कडेला गुलमोहर. त्यावरून ती खाली न बघता चालली. वर झाडाकडे बघत चालली! तेव्हापासून माझ्या डोक्यात तो पदपथ शिरला आहे. दुपारी ओट्यावर डोळे मिटले, की तो आमच्या दारातून निघतो. दोन्ही बाजूंना कडुनिंब, मधे मधे बाकडी, वारा असा हळू, की कुणाचं धोतरसुद्धा हलू नये. शेतातसुद्धा मोटरसायकलवर जाणारे हिंदुराव हात मागे बांधून, काही काम नसताना, नुसते फिरताहेत. म्हशी कडेला थांबून माणसांना वाट देताहेत. एकदा तर मी त्या पदपथावरून थेट बोरी नदीपर्यंत गेलो आणि नदीला पाणी होतं. (मे महिन्यात! तेव्हा मात्र मला शंका आली आणि मी जागा झालो. चहावर साय धरली होती.)

तर अशातच ग्रामीण रस्ते आणि पदपथ सुधारण्यासाठी सरकारी अनुदान मिळतं, असं सरपंच वैजयंतीताईंच्या कानावर आलं. अर्ज मी लिहिला. अकरा पानं झाली. ताईंनी गुलमोहराची पानं काढून टाकली, तरी पाच उरली. ग्रामसभेत ठराव मांडला तेव्हा हिंदुराव म्हणाले, "हितं रस्त्याचा पत्ता न्हाय, आन पोस्टमनला पदपथ पायजे!" पण हात त्यांनीही वर केला. प्रस्ताव गेला आणि गुरुवारी इंजिनिअरसाहेब पाहणीला येणार, असा निरोप आला.

इथून पुढे जे झालं त्यात वाईट हेतू कुणाचाच नव्हता. साहेब गावात पहिल्यांदा येणार, म्हणजे पाहुणेच की ते! पाहुण्याला खड्ड्यातून आणायचं? बुधवारी सकाळी हिंदुरावांनी आपल्या विहिरीचा मुरूम आणून खड्डे बुजवले. गटारावर फरशा पडल्या. बायकांनी सडा घातला, रांगोळ्या काढल्या. म्हशी पहाटेच मळ्यात रवाना झाल्या. मी म्हणालो, अहो, साहेब खड्डे बघायला येताहेत. तर वैजयंतीताई म्हणाल्या, "म्हून काय अब्रू घालवायची व्हय गावाची?" हे मलाही पटलं, कारण मीही याच गावचा. उलट मला वाटलं, साहेबांना आपलं स्वप्न नीट दिसायला हवं. म्हणून मी स्वतः शाळेतला चुना आणून आमच्या दारापासून शाळेपर्यंत दोन सरळ रेघा मारल्या आणि मधे कुंड्या मांडल्या.

साहेब आले. शाल झाली, नारळ झाला, साहेबांनी रस्ताभर चालून फोटो काढले. मग माझ्या रेघांपाशी थांबून म्हणाले, "अरे वा, पदपथ तर आहेच की!" आणि शेऱ्यात लिहिलं, 'रस्ता सुस्थितीत. अनुदानाची आवश्यकता दिसत नाही.' माणूस सज्जन हो, त्यांनी जे बघितलं तेच लिहिलं. ताईंनी फार गळ घातली तेव्हा मंगळवारी पुन्हा येतो म्हणाले. कधी नव्हे तो मला माझ्या हस्ताक्षराचा, चुन्याचा आणि गावाच्या चांगुलपणाचा राग आला.

असो. बाकी क्षेम. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
चनमल्लप्पा

ता.क. पत्राचं खरं कारण राहिलंच. सोमवारी ट्रॅक्टर घेऊन या. ट्रॉली दगडांनी गच्च भरा. आम्ही रस्त्यावर पाणी सोडून ठेवतो, तुम्ही दहा-बारा फेऱ्या मारा, म्हणजे मंगळवारपर्यंत रस्ता पहिल्यासारखा होईल. गावातल्या कुणाचा हात त्याला धजत नाही. तुम्ही परगावचे, तुम्हाला जमेल.

ता.क. दुसरा, रविवार. काल एसटी आलीच नाही, त्यामुळे कंडक्टरकडे द्यायचं हे पाकीट माझ्याकडेच राहिलं. ते बरं झालं. वरचा मजकूर दाक्षायणीने वाचला. म्हणाली, "अण्णाला सांगा, ट्रॅक्टर आला तर म्या आडवी पडीन रस्त्यात." मी म्हटलं, अगं, अनुदान मिळेल, पक्का पदपथ होईल, हा मुरूम तर पहिल्या पावसात वाहून जाईल. म्हणाली, "पाऊस येईस्तोर तर चालू द्या की." तेव्हा कळलं. गुरुवारपासून मी दुपारी डोळे मिटले, की ही खरोखरच माझ्या चुन्याच्या रेघांमधून चालते आहे. पहिल्या दिवशी तिसऱ्या कुंडीपर्यंत गेली, काल शाळेपर्यंत.

तेव्हा अण्णा, दगड नकोत. पावसाआधी दोन ट्रॉल्या मुरूम तेवढा पाठवा. मंगळवारी साहेबांना रस्ता चांगला दिसला, तर दिसू दे.

हे एवढं तिला वाचून दाखवावं म्हणून आत हाक मारली. स्वयंपाकघरात नाही. परसात नाही. कुठे गेली, मला काही कल्पना नाही. अडीच वर्षांनी हे वाक्य लिहितोय अण्णा, आणि मला फार, फार बरं वाटतंय.