कोरफडीला शिगोशीग

४ फेब्रुवारी
आज दुपारी शेडमध्ये ती, मामाकडे खत मोजायला येणारी, त्या चष्मेवाल्याकडे बघून हसली — तिथंच माझं सगळं फिरलं. मामा पाठीवर थाप मारून म्हणतो, "ठरलं यांचं! तोंड गोड कर." गोड! कॉलेज अर्धवट सोडून मामाच्या कोरफडीत हात ओरबाडून घेतले ते कुणासाठी? आणि हा चष्मा, कारखान्याचा तपासनीस, कधीमधी पानं दाबायला येतो नि तिलाच घेऊन जातो!

६ फेब्रुवारी
खत किती द्यायचं ते चष्मा ठरवतो. शेणखत भरपूर, युरिया जेमतेम. "कोरफडीला लाड सोसत नाहीत," म्हणे. ती पत्र्याच्या डब्यानं युरिया मोजते, वरून बोट फिरवून सपाट करते. मी भरला की काठावर शीग राहतेच. "माप आहे रे, तुझं ताट नाही!" — हसते वर.
बरं. आता लाडच करतो. पीक नासलं की नाव चष्म्याचं!

७ फेब्रुवारी
सगळे जेवायला गेले. तिचाच डबा उचलला. शिगोशीग युरिया, वाफ्यामागून वाफा. वर पाणी. बोटं गार पडली, डोकं तापलेलंच.

२२ फेब्रुवारी
पानं फुगली! मामा चष्म्याला मिठी मारतो काय, "माणूस असावा तर असा" काय! हसा लेको, हसा.

६ मार्च
बुडं मऊ पडली. पान चिरलं तर गर नाही, नुसतं पाणी. कारखान्यानं माल परत धाडला. मामाचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं. मी शिट्टी वाजवत शेड झाडली.

७ मार्च
घात झाला! डब्याच्या काठाबाहेरही युरियाचा थर चिकटलेला मामानं पाहिला. तिला म्हणाला, "खत तुझ्या हातात होतं ना?" ती एवढंच म्हणाली, "मी सपाट भरते, काका." मामा ऐकेना. उद्यापासून येऊ नको म्हणाला. आणि मी? झाडू धरून उभा.

९ मार्च
चष्मा येऊन मामाला म्हणाला, "माप मीच चुकीचं सांगितलं. तिला काढू नका." मामानं तिला ठेवलं, कारखान्यानं त्यालाच घरी बसवलं. हेच हवं होतं ना मला? मग शिट्टी का सुचत नाही?

१० मार्च
तिनं डबा माझ्यापुढं ठेवला. "भर बघू." भरला, हाताच्या सवयीनं. शीग राहिली. तिनं बोट फिरवून तेवढी खाली पाडली.
मामाला सगळं सांगितलं. बाहेर पडलो, शेडचं दार ओढून घेतलं.