केस वाचले

तीर्थरूप बाबा,

वाकून नमस्कार. आधी आनंदाची बातमी: माझे केस वाचले!

रविवारी लख्ख ऊन पाहून मी न्हाले आणि घरच्यासारखी गच्चीत केस वाळवायला गेले. इथल्या बर्फातलं ऊन नुसतं बघायचं! केस गोठून काठीसारखे ताठ झाले आणि कंगवा लावताच टोकं तुटून हातात आली. मी रडतच खालच्या पार्लरवाल्या ताईंकडे धावले. खांद्यापर्यंत कापावे लागतील म्हणाल्या तर? आई गेल्यावर तुम्ही काकूंकडून वेणी घालायला शिकलात, तेव्हापासूनचे हे केस.

"अगं वेडाबाई, टोकंच गेलीत," त्या हसल्या. "चार बोटं कापू, बस्स. पुन्हा ओल्या डोक्याने उंबरा ओलांडलास तर बघ!" त्यांनी बजावलंय, टोकांना रोज तेल लावायचं आणि लोकरी टोपीला आतून रेशमी अस्तर, म्हणजे केस घासत नाहीत. अस्तर मी कालच शिवलं!

सर्दी अजिबात नाही, शिंका फक्त सकाळी येतात. तुमचा खोकला कसा आहे? खरं लिहा.

हो, एक राहिलंच. निघताना ताई माझी वेणी घालू लागल्या. म्हणाल्या, "तुझी नेहमी डावीकडे का गं कलते? सरळ घालते."

मी म्हटलं, "नको, आमचे बाबा अशीच घालतात."

तुमच्याच वळणावर गेलेली,
धाकटी