चाकण की करमाड

२ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ६.१०
आजपासून दिरंगाई बंद. परवा एचआरच्या मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. कंपनीचा नवा प्लांट चाकणला सुरू होतोय. तिथल्या स्टोअरला असिस्टंट मॅनेजर पाहिजे आणि वरून माझं नाव आलंय. इथं शेंद्र्यात मी इतकी वर्षं नुसता स्टोअर इन्चार्ज. महिनाअखेर कळवायचं आहे.

दुसरीकडे करमाडला आई आणि दादा (वडील), दोघंच. हर्सूलची भाड्याची जागा सोडून त्यांच्याजवळ राहायला गेलो तर कंपनी हाकेच्या अंतरावर, शिवाय सेवा. एकीकडे करिअर, एकीकडे कर्तव्य. असा पेच साध्या माणसाला पडत नाही.

रत्नमालाला सांगितलं. (बायको. खासगी हॉस्पिटलात सिस्टर.) तिनं ड्यूटीची बॅग भरता भरता विचारलं, जायचं तर कधी? बिचारी हादरली असणार.

संकल्प: पंधरा तारखेच्या आत निर्णय. कोणाला विचारायचं नाही. रोज सकाळी हर्सूल तलावाकडं फिरायला जायचं आणि शांत डोक्यानं विचार करायचा.

३ फेब्रुवारी
थंडी फार. उद्यापासून.

९ फेब्रुवारी, रविवार
करमाडला जाऊन आलो. आईनं दारातच विचारलं, तुझं काय ठरलं रं राजू? आवाजात काळजी. मग एकामागून एक प्रश्न. चाकणला जवळपास बुद्धविहार हाय का? बिल्डिंगीला लिफ्ट असती का? डोळ्याचा दवाखाना कसा हाय? माझे डोळे चांगले आहेत, पण आईला लेक म्हणजे लहानच. परमुलखात त्याचं कसं होईल, हीच चिंता.

दादा एसटीत मेकॅनिक होते. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ते म्हणाले, चांगली संधी आली तर माणसानं सोडू नाय. वरवरचं बोलणं. आतून खचलेत. मी दोघांचे हात धरून सांगितलं, घाबरू नका, मी तुम्हाला सोडून कुठं जात नाही. दोघं एकमेकांकडं बघत राहिले. आई चहा ठेवायला उठली ती बराच वेळ बाहेर आली नाही. आनंद पचवायला वेळ लागतो.

१५ फेब्रुवारी
निर्णयाचा दिवस. परंतु सोमवारी स्टॉक ऑडिट आहे. दोन मोठी कामं एकदम हाताळणं बरं नव्हे. निर्णय पुढं.

१९ फेब्रुवारी
कोणाला विचारायचं नाही हे खरं, पण माहिती काढणं वेगळं. कँटीनवाला, गेटवरचा सिक्युरिटी, टीव्ही सेंटर चौकातला सलूनवाला, सगळे म्हणाले, जा. सगळ्यात जास्त आग्रह कडुबाचा. हा माझा असिस्टंट. सर, तुम्ही जाच, स्टोअरची अजिबात फिकीर करू नका म्हणाला. माझी जागा रिकामी झाली तर त्यालाच मिळणार, तरी माझ्या भल्याचा विचार करतो. असा निःस्वार्थी पोरगा आजकाल सापडत नाही.

२८ फेब्रुवारी. दुपारी ४.५०
मॅडम म्हणाल्या, पाचपर्यंत सांगा, नाहीतर दुसरं नाव पाठवते. ठामपणे हो म्हटलं. सही एका झटक्यात केली. (दोनदा. पहिली चुकीच्या रकान्यात झाली.)

घरी सांगितलं. रत्नमालानं लगेच हॉस्पिटलात नोटीस द्यायचं ठरवून टाकलं. लेक विशाखा दहावीच्या पुस्तकातून मान वर करून हसली. परीक्षेच्या टेन्शननं पोरं अशी हसतात. आईदादांना फोनवर सांगणं योग्य नाही. रविवारी समक्ष.

२ मार्च, रविवार
समक्ष झालं नाही. आई माळ्यावरची भांडी खाली काढून पुसत होती. दादांनी ट्रंका उन्हात ठेवल्या होत्या. म्हाताऱ्या माणसांना दिवस जात नाही, म्हणून असले उद्योग. शेजारची भागूबाई भिंतीवरून म्हणाली, जाता म्हणं सगळी? मी उन्हाळ्याचा विषय काढला. ही बातमी गावात कोणी फोडली कळत नाही.

१२ मार्च
रत्नमाला दिवसभर फोनवर घरं बघतेय. तिला तीन बेडरूमचंच पाहिजे. एवढं कशाला म्हणालो, तर म्हणाली, माणसं मोजा. मोजली. मी, ती, विशाखा. तीन. परत तेच म्हणाली. हिचं गणित पहिल्यापासून कच्चं.

काहीतरी सांगायचं होतं तिला. मी हात वर करून थांबवलं. सध्या मी फार मोठ्या मानसिक संघर्षातून जातोय. डोक्यात दुसरं काही घेऊन चालणार नाही.

२२ मार्च, शनिवार
शहागंजात बॅगा घेतल्या. रत्नमालानं लुगडी ठेवायला म्हणून एक जास्तीची मोठी बॅग घेतली. ती तर ड्रेस घालते. बायकांची खरेदी. मी अडवत नाही.

परतताना वाटलं, आपण गेल्यावर ह्या शहराचं काय? काही नाही, असं लगेच उत्तर आलं, ते मनाला पटलं नाही.

२९ मार्च, शनिवार. रात्री ९
निरोप समारंभ. सविस्तर लिहायला पाहिजे.

कँटीनमध्ये बॅनर. शाल, बुके, भिंतीवरचं घड्याळ. बाहेर नान खलियाचं पातेलं, शाकाहारी लोकांना पुलाव. प्लांटहेड म्हणाले, शेंद्र्याचं स्टोअर म्हणजे राजेंद्र. एक ऑपरेटर म्हणाला, राजेंद्र सरांनी मटेरियल कधी वेळेवर दिलं नाही पण कधी चिडले पण नाही. कडुबा बोलायला उठला आणि सर, सर म्हणत रडायलाच लागला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की ही सगळी माणसं माझ्या आधारावर उभी आहेत.

उत्तराला उठलो. भाषण पाठ केलं होतं. तोंड उघडलं आणि डोळ्यांसमोर उन्हात ट्रंका मांडून बसलेले दादा आले. म्हणालो, मित्रांनो, माझे म्हातारे आईवडील आणि तुम्ही सगळे, तुम्हाला टाकून मी जाऊच शकत नाही. चाकण कॅन्सल!

टाळ्यांसाठी थांबलो. पंखे फिरत होते. कडुबाचं रडणं बंद झालं, मग दुसऱ्याच सुरात पुन्हा सुरू झालं. मॅडमनी विचारलं, हे तुम्ही लेखी दिलंय का? मागून कोणीतरी म्हणालं, जेवून तर घेऊ. जेवले सगळे, पण माझ्याकडं न बघता. भावना अनावर झाल्या की माणसं अशीच गप्प होतात.

रत्नमालाला उद्या आईसमोरच सांगणार. सरप्राइज.

३० मार्च, रविवार
सगळ्यांना घेऊन करमाडला गेलो. घरात भिंती उघड्या, गाठोडी बांधलेली. अंगणात माझ्या जुन्या खाटेवर दोन अनोळखी पोरं बसलेली. मी आनंदाची बातमी दिली.

आई गाठोड्यावरच बसली. म्हणाली, आम्ही तुझ्यासंगंच येणार व्हतो रं राजू. ह्या पोरांना घर दिलं एक तारखेपासून. ह्यांच्या डोळ्याचं आपरेशन तिकडंच ठरवलं रतननं. तुला ठावं नाय व्हय?

मला कोणी सांगितलंच नाही म्हणालो. रत्नमाला शांतपणे म्हणाली, दर वेळी सांगायला आले, दर वेळी तुम्ही हात वर केला. आईनं पण तीच तक्रार केली. दर रईवारी इचारत व्हते, तुझं काय ठरलं, तू म्हणायचा घाबरू नको. आम्ही कशाला घाबरतो?

दादा ट्रंकेला कुलूप लावत होते, पण दिसत नसल्यामुळं किल्ली लागत नव्हती. मी लावून दिलं. त्या वेळी मला फार वाईट वाटलं. इतकं की काय म्हणून वाटतंय ते लिहिता येत नाही.

१ एप्रिल
नकार परत घ्यायला एचआरमध्ये गेलो. चाकणला दुसऱ्या प्लांटचा माणूस रुजू झालाय. इथं कडुबा इन्चार्ज, ऑर्डर निघालेली. मी त्याच्या हाताखाली, तात्पुरता. मॅडमच्या मते मी मार्गदर्शकाच्या भूमिकेत आहे. तसं पाहिलं तर हे प्रमोशनच. कडुबानं उठून स्वतःच्या हातानं मला खुर्ची दिली. दाराजवळची.

५ एप्रिल, शनिवार
टेम्पो गेला. रत्नमालाला तिकडच्या हॉस्पिटलात सोमवारी जॉइन व्हायचंय, घराचं ॲग्रीमेंट झालेलं, हर्सूलची जागा मालकानं दुसऱ्यांना दिलेली. ह्या सगळ्या गोष्टी माझ्या निर्णयाची वाट न बघता कशा झाल्या, नवल आहे. मी म्हणालो, आणखी आठवडाभर विचार करू. रत्नमाला म्हणाली, तुम्ही करा.

आई ड्रायव्हरशेजारी बसली. विहार घराच्या मागंच हाय म्हणं, असं भागूबाईला सांगत होती. मला म्हणाली, जेवत जा येळेवर. विशाखानं टेम्पो वळेपर्यंत हात हलवला.

मी करमाडला राहायला आलो. भाडेकरू पोरं चांगली आहेत. समोरच्या खोलीत एक कोपरा दिला. जवळजवळ मूळ योजनेप्रमाणेच झालं म्हणायचं.

१३ एप्रिल, रविवार
उद्या जयंती. आई दर वर्षी पांढरं लुगडं नेसून सगळ्यात आधी तयार असते. यंदा तिकडं मिरवणुकीला जाणार.

संध्याकाळी व्हिडिओ कॉल. दादांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. स्क्रीनजवळ येऊन म्हणाले, राजू लई वाळला रं. पूर्वी त्यांना मी जाड का बारीक हे दिसत नव्हतं. मग जेवायची वेळ झाली म्हणून चौघं उठले. फोन चालूच राहिला. बराच वेळ भिंत दिसत होती आणि ताटांचे आवाज येत होते. मी कट केला नाही.

मला इथं करमत नाही. लिहून टाकलं. कोण वाचतंय.

१८ एप्रिल
निर्णय झाला! चाकण. तिकडं स्टोअरला क्लार्कची जागा आहे. दोन पायऱ्या खालची, पण मान माणसाबरोबर जातो, पोस्टबरोबर नाही. विचार न करता अर्ज दिला. आयुष्यात प्रथमच. इकडच्या इन्चार्जची शिफारस लागते, म्हणजे कडुबाची. तो माझा शब्द मोडणार नाही.

आईला फोन केला. येतोय म्हणालो. तिनं तिथंच विशाखाला हाक मारून सांगितलं, पलीकडची खोली रिकामी कर गं.

२५ एप्रिल
कडुबाची शिफारस आली. मॅडमनी वाचायला दिली. सदर कर्मचारी स्टोअरच्या कामासाठी अत्यावश्यक असून त्यांच्या अनुपस्थितीत काम ठप्प होईल, सबब कार्यमुक्त करता येत नाही.

एवढ्या वर्षांत हे कोणी लेखी दिलं नव्हतं. झेरॉक्स मागून घेतली. कडुबाला भेटलो तर हात जोडून म्हणाला, सर, खरंच सांगतो, तुमच्याबिगर चालतच नाय. नव्या सॉफ्टवेअरचं सगळं तुम्हाला करायचंय. मला काय येतंय?

संध्याकाळी आईला फोन लावला. कंपनी सोडत नाही, इथं माझी फार गरज आहे म्हणालो. आई म्हणाली, बरं झालं बाबा. तुला तेच पाहिजे व्हतं ना?

मी व्हय म्हणालो.